कॅथलिक घरात दहन झालं, आता राखेचं काय करायचं?

सावडायला गेलं की कुणीतरी विचारतंच, पैठणला न्यायची का गंगाखेडला? आपल्या बऱ्याच घरांत निम्मे पाहुणे हिंदू नाहीतर बौद्ध, ते काही वाईट मनानं विचारत नाहीत. म्हणून सावडायच्या आदल्या रात्रीच घरात बसून ठरवा आणि फादरला फोन करा, स्मशानात उभं राहून हे ठरवायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

दहन केलं म्हणजे पाप झालं असं काही नाही. चर्चनं १९६३ ला बंदी उठवली, १९८३ च्या चर्च कायद्यात पण दफन जास्त पसंत पण दहनाला मनाई नाही असंच आहे, फक्त ख्रिस्ती श्रद्धा नाकारायची म्हणून कुणी दहन मागितलेलं नसावं. कोरोनात तर कित्येकांना इलाजच नव्हता. तेव्हा मिस्सा, म्हणजे गेलेल्यासाठीची चर्चमधली उपासना, मिळेल का ही काळजी सोडा.

राखेच्या बाबतीत मात्र चर्च कडक आहे. २०१६ ला रोमहून सूचना आली त्यात स्पष्ट आहे की राख कबरस्थानात किंवा चर्चनं त्यासाठी ठेवलेल्या पवित्र जागेतच ठेवायची. नदीत सोडायची नाही, वाऱ्यावर उधळायची नाही, भावाभावांत वाटून घ्यायची नाही, लॉकेटमध्ये भरायची नाही आणि घरात पण ठेवायची नाही. घरासाठी अगदी अपवाद म्हणून बिशप परवानगी देऊ शकतात पण "आईशिवाय करमत नाही" एवढ्यावर ती मिळेल असं धरून चालू नका. मला स्वतःला हा नियम पटतो, कारण आज कलश कपाटावर आहे, तुम्हाला त्याची किंमत आहे, पण तुमच्यामागं नातवंडांनी त्याचं काय करायचं? कबरस्थानात नाव राहतं, येणारा-जाणारा दोन शब्द प्रार्थना करतो.

आता प्रत्यक्ष काम. लाकडाच्या सरणात लाकडाचीच राख जास्त असते, त्यामुळं आधी अस्थी नीट वेचा मग राख भरा. गाडगं चालतं, तांब्याचा कलश चालतो, लाकडी पेटी चालते, फक्त झाकण घट्ट बसलं पाहिजे. घरातल्या कुणाची कबर आधीच असेल तर तिथंच पुरता येईल का ते फादरला विचारा, कलशाला जागा कितीशी लागते, नवरा-बायको एकत्र राहतात. कबरस्थान सगळ्या चर्चचं मिळून असेल तर कमिटीला पण सांगावं लागतं. चर्चचं स्वतःचं कबरस्थान नसेल तरी अडत नाही, फादर तेवढी कबर आशीर्वादित करून देतात. मुंबईकडं काही चर्चमध्ये भिंतीत कप्पे असतात, आपल्याकडं मात्र मातीच धरून चला. आणि विधी झाला की चर्चच्या मृत्यू रजिस्टरला नोंद झाली का बघा, नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला वेगळा, त्याची नोंद २१ दिवसांत करायची असते.

पाहुण्यांना नुसतं "आमच्यात चालत नाही" म्हणू नका, लोक दुखावतात. "माती द्यायला या" म्हणा. मूठमाती सगळ्यांनाच कळते, गोदावरीचा विषय बहुतेक वेळा तिथंच मिटतो.

सगळ्यात अवघड केस म्हणजे माणूसच सांगून गेलेला असतो, मला माझ्या शेतात टाका. आजकाल आजूबाजूला राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून झाड लावायलेत, ते बघून आपल्या माणसांनाही वाटतं. सगळी राख शेतात टाकता येत नाही. पण डिसेंबर २०२३ ला रोमनं एक वाट ठेवली, राखेचा अगदी थोडा भाग त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी ठेवायची विनंती चर्च विचारात घेऊ शकतं, बाकीची पवित्र जागेतच. पण "माणूस निसर्गात विरघळला" असला अर्थ त्यात नसावा, आणि आधी टाकून मग विचारणं नको, फादरमार्फत बिशपांकडं अर्ज करा.

आणि ज्यांनी आधीच गोदावरीत सोडली त्यांनी जिवाला लावून घेऊ नका, गेलेल्याचं त्यात काही अडलेलं नाही. फादरला सांगा, मिस्सा ठेवा, घरच्यांच्या कबरीच्या दगडावर नाव कोरून घ्या आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, इतरांसारखीच तिथं मेणबत्ती लावा.