उजाड माळरानावर झाडे आणि वारारोधक पट्टा कसा उभारावा

अहिल्यानगर-सोलापूर भागातील मुरमाड माळावर लावलेली रोपे पुष्कळदा पहिल्याच उन्हाळ्यात वाळून जातात आणि दोष पावसाला दिला जातो. खरे पाहता मोकाट चराई, उतारावरून वाहून जाणारे पाणी आणि मोकळा सुटलेला वारा यांचा बंदोबस्त केल्याशिवाय तेथे रोप लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात चराईपासून करावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावाचे नियम म्हणून पाळली, म्हणून तेथील डोंगरावर झाडोरा टिकला. राखण शक्य नसेल तर सीताफळ आणि करंज निवडावेत, कारण शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत.

उन्हाळ्यात उताराला आडवे सलग समतल चर खोदावेत. साधारण 60 सेंमी रुंदी आणि 30 सेंमी खोली पुरते, मात्र निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूलाच टाकावी. रोपांसाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन ते उन्हात तापू द्यावेत व नंतर वरच्या थरातील माती, कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड घालून भरावेत. लागवड पावसाच्या पहिल्या सरीवर न करता, ओल खोलवर उतरल्यावर करावी. पिशवी ब्लेडने उभी कापून मातीचा गोळा न फोडता रोप बाहेर काढावे आणि तळाशी गुंडाळलेले मूळ दिसल्यास तेवढेच छाटावे, अन्यथा ते मुरमात सरळ खाली उतरत नाही.

वारा अडवणारा झाडांचा पट्टा हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आपल्याकडे पावसाळ्यात जोराचा वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पट्टा शेताच्या त्या कडांना, वाऱ्याला काटकोनात असावा. बाहेरच्या ओळीत करवंद किंवा घायपात, मध्ये शेवरी किंवा गिरिपुष्प आणि आत निंब, करंज अशा ओळी लावाव्यात; एका ओळीतील झाड शेजारच्या ओळीतील मोकळ्या जागेसमोर यावे. पट्टा भिंतीसारखा घट्ट करू नये, कारण घट्ट आडोशावर आदळलेला वारा वरून उसळून पलीकडे भोवरे करतो, तर विरळ पट्ट्यातून गाळून गेलेला वारा मंदावतो आणि झाडाच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी पिकाला आडोसा मिळतो. मधे मोठी फट राहिली की वारा तेथूनच जोराने घुसतो. म्हणून मेलेल्या रोपांच्या जागी त्याच पावसाळ्यात नांग्या भराव्यात.

पहिली दोन-तीन वर्षे हिवाळ्यापासून आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे आणि उन्हाळ्यात थोडे पण नियमित पाणी द्यावे. झाडे मोठी झाल्यावर त्यांची मुळे पिकाची ओल ओढू लागतात. तेव्हा पट्ट्याच्या शेताकडील बाजूला दोन फूट खोल चर काढून तिकडे आलेली मुळे तोडावीत.