रेड रॉकला चढाई? आधी पाऊस कधी पडला ते बघा

लास वेगासहून गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या रेड रॉक कॅनियनमध्ये चढाई करायची असेल, तर आजच्या हवामानाइतकंच गेल्या दोन-तीन दिवसांचं हवामान तपासा. तिथला खडक वालुकाश्म आहे, आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टसारखा कणखर नाही. तो पाणी शोषतो, कणांची पकड सैल होते आणि हातात धरलेला कंगोरा अख्खा निखळून येतो. चढणाऱ्याचा जीव धोक्यात येतोच, शिवाय तो मार्गही कायमचा बिघडतो. वरून खडक लवकर वाळलेला दिसतो, त्याला फसू नका. पायथ्याची वाळू चार बोटं उकरून बघा. ओल लागली तर थांबा. निदान 24 तास, मोठा पाऊस झाला असेल तर 72. तोवर रेड रॉकच्याच कॅलिको बेसिन या भागात पायी भटका, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कडे तिथूनही डोळे भरून दिसतात.

म्हणूनच सहलीत एखाद-दोन दिवस मोकळे ठेवा. ऑक्टोबर ते मे या काळात कॅनियनमधून जाणाऱ्या 13 मैलांच्या सीनिक ड्राइव्ह या रस्त्यावर दिवसा गाडी नेण्यासाठी वेळ आधी ऑनलाइन आरक्षित करावी लागते. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा चढाई टाळलेलीच बरी.