गोधडीसाठी कापडाचे रंग आणि छपाई कशी निवडावी

सोयाबीन घरात आले आणि कापसाच्या वेचणीला वेग आला की आमच्या यवतमाळकडच्या गावांत जुन्या लुगड्यांच्या पेट्या उघडतात, कारण थंडीपूर्वी गोधडी पूर्ण व्हायची असते. बहुतेक घरांत हाताला लागेल तो तुकडा घेऊन शिवायला सुरुवात होते. मग टाके कितीही बारीक असले तरी वरचा भाग गढूळ दिसतो, आणि तसे होऊ नये म्हणून सुईत दोरा ओवण्याआधी एक दुपार कापड निवडण्यासाठी राखून ठेवावी.

सर्वप्रथम सुती कापड वेगळे काढावे. शंका असल्यास कडेचे दोन-चार धागे चिमट्यात धरून मोकळ्या जागी जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टरचा धागा वितळून त्याची कडक गोळी बनते. सुती आणि पॉलिस्टर एकत्र शिवल्यास धुतल्यावर सुती भाग आटतो, दुसरा आटत नाही आणि शिवणीला चुण्या पडतात. नवे सुती कापडही याच कारणाने आधी धुऊन, वाळवून घ्यावे.

त्यानंतर रंगाची परीक्षा करावी. लाल, गडद निळा आणि काळा हे रंग सुटण्याची शक्यता अधिक असते, म्हणून अशा प्रत्येक कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर जोराने घासावा. फडक्यावर डाग उमटला, तर ते कापड दोन-तीन वेळा धुऊन पुन्हा तपासावे. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो असे पुष्कळजण सांगतात. माझ्या अनुभवात त्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरले आहे, कारण एका लाल काठाने पांढऱ्या धोतराचे सारे तुकडे गुलाबी केले होते. दोन-तीन धुण्यांनंतरही रंग सुटत राहिला, तर ते कापड बाजूला ठेवणेच योग्य.

आता खरी निवड. गोधडीची नक्षी उठून दिसते ती रंगांच्या नावांमुळे नव्हे, तर फिकट आणि गडद यांतील अंतरामुळे. हिरवा आणि तांबडा हे दोन रंग वेगळे असले, तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर दहा पावलांवरून त्यांची सीमा पुसट होते. म्हणून सर्व कापडांचे फिकट, मध्यम आणि गडद असे तीन ढीग करावेत. डोळे किलकिले करून पाहिल्यास हा फरक लवकर कळतो. मोबाइलवर काढलेला फोटो कृष्णधवल केला, तर तो आणखी स्पष्ट दिसतो. घरोघरी फिकट कापडाचा तुटवडा जाणवतो. ती उणीव जुने धोतर किंवा विटलेली चादर भरून काढते.

छपाई निवडताना एक आवडते लुगडे मुख्य मानावे आणि त्याच्या फुलांत जे तीन-चार रंग असतील, त्यांतूनच बाकीची कापडे शोधावीत. मोठ्या फुलांशेजारी तशीच मोठी फुले ठेवू नयेत. त्यांच्या बाजूला बारीक बुंदके, चौकडी किंवा साधे कापड असावे, म्हणजे नजरेला विसावा मिळतो. मोठी नक्षी लहान तुकड्यात कापली की तिचे फूल ओळखूही येत नाही, म्हणून ती मधल्या मोठ्या चौकोनासाठी राखावी. रेघांचे कापड वापरायचे असेल, तर रेघा उभ्या की आडव्या हे आधीच ठरवावे. लुगड्याचे काठ चारही कडांना लावावेत.

शेवटी सर्व तुकडे सारवलेल्या अंगणात दिवसाच्या उजेडात मांडावेत. रात्री बल्बच्या पिवळ्या प्रकाशात निळा आणि काळा यांत फसगत होते. मांडणी पटल्यावर प्रत्येक ओळीचे तुकडे क्रमाने एकावर एक रचून दोऱ्याने बांधावेत. धावदोऱ्यासाठी पांढरा दोरा गडद तुकड्यांवर उठून दिसतो, परंतु टाके अजून सरळ पडत नसतील, तर मुख्य कापडाशी मिळताजुळता दोरा घ्यावा.