सरकारी जंगलात हरणासाठी किती आत जायचं? या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर-मध्य भागात स्प्राऊल नावाचं सरकारी जंगल आहे, तीन लाख एकरांहून मोठं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे हरणांऐवजी शिकाऱ्यांचाच माग काढला. काहींच्या हाती जीपीएस दिलं, विमानातूनही पाहणी केली. त्यातून कळलं की बहुतेक शिकारी गाडीरस्त्यापासून अर्ध्या मैलाच्या आतच असतात, आणि चढ-उतार जितका तीव्र तितकी तिथे माणसं कमी. शिवाय, किती आत गेला होतात असं विचारल्यावर लोक जे अंतर सांगत, ते जीपीएसवरच्या अंतरापेक्षा चांगलंच लांब असे.

अशाच निरीक्षणांतून एक सल्ला सगळीकडे फिरत असतो: ‘गर्दी टाळायची तर सगळ्यांपेक्षा लांब चाला.’ सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे, आणि नवा माणूस या अर्ध्या सल्ल्यावरच फसतो.

हे सगळं अमेरिकेतलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर यातलं काही करून बघायचं नाही. हा लेख तिकडे स्थायिक झालेल्या आणि सहकाऱ्यांच्या नादाने शिकारीकडे वळलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. नियम पेनसिल्व्हेनियाचे दिले आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथली नियमपुस्तिका वाचा.

पहिली चूक घरातच होते

एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना आणि मगच बंदुकीला हात. मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर ‘जरा चालवून बघणं’सुद्धा यात येतं, आणि नेमकं तिथेच लोक गाफील राहतात. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागू नाही. धनुष्यबाण या कायद्यात येत नाही, म्हणून काही जण आर्चरीनेच सुरुवात करतात. मनात शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, रेंजवरच्या मित्राला नको. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला शिकारी प्रशिक्षणाचा कोर्सही करावा लागतो.

अंतर पायांना विचारणं

पहाटेच्या अंधारात, पाठीवर ओझं आणि हातात रायफल घेऊन, वाळक्या पानांवरून आवाज न करता चालताना अर्धा मैल दोन मैलांसारखा वाटतो. त्यात पायवाट वळणं घेत जाते. तुम्ही चाललेलं अंतर आणि रस्त्यापासून तुमचं सरळ रेषेतलं अंतर यांत दुपटीचा फरक सहज पडतो. फोनवरच्या नकाशात खूण करा आणि मोजा, यापलीकडे उपाय नाही.

मोजतानाही एक गोम आहे. आपण आपल्या गाडीपासून मोजतो, पण हरणाला तुमच्या गाडीशी काय देणंघेणं! त्याला त्रास होतो तो सगळ्यात जवळच्या रस्त्यावरून येणाऱ्या माणसांचा. पूर्वेकडच्या जंगलांत जुने लाकूडतोडीचे रस्ते, गॅसविहिरींचे रस्ते, जंगल खात्याचे रस्ते यांचं जाळं आहे. दीड मैल सरळ चालत गेलात तर बहुतेक ठिकाणी पलीकडचा रस्ता लागतो, आणि तिथे कोणीतरी गाडीतून उतरून दोनशे पावलांवर थर्मासमधली कॉफी पीत बसलेला असतो. तुमच्या लेखी तुम्ही आडरानात आलात. त्याच्या लेखी तुम्ही त्याच्या जागेत घुसलात. आणखी एक गोष्ट: एरवी बंद असलेली जंगलरस्त्यांची काही फाटकं शिकारीच्या हंगामात मुद्दाम उघडतात. सप्टेंबरमध्ये पाहून ठेवलेली ‘लांबची’ जागा डिसेंबरमध्ये रस्त्याकडेला आलेली असू शकते. त्या वर्षी कोणते रस्ते खुले आहेत याचा जंगल खात्याचा नकाशा हंगामाआधी बघून घ्या.

लांब म्हणजेच चांगलं, असं समजणं

यूट्यूबवरचे पाच-सात मैल आत जाऊन तंबू ठोकणारे शिकारी बहुधा कोलोरॅडो-मोंटानाचे असतात. त्यांचं जंगल वेगळं, जनावर वेगळं. पेनसिल्व्हेनियातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण मैलोन्‌मैल पळून जात नाही. ते आपल्या ओळखीच्या टापूतच राहतं आणि तिथल्या तिथे माणूस टाळायला शिकतं.

ते टाळतं तरी कसं? माणसाला नकोशा वाटणाऱ्या जागी जाऊन. उभ्या उतारावरचा अरुंद टप्पा, माउंटन लॉरेलची कमरेएवढी गच्च झुडपं, दलदलीतला कोरडा उंचवटा, बूट ओले केल्याशिवाय ओलांडता येत नाही अशा ओढ्याच्या पलीकडची पट्टी. यातल्या कितीतरी जागा रस्त्यापासून तीनशे यार्डांवर असतात. सगळे त्यांच्या शेजारून ‘आत’ निघून जातात. पेन स्टेटच्याच पुढच्या अभ्यासात हरणांना जीपीएस कॉलर लावले, तेव्हा ऐन रायफल हंगामात कड्यासारखा उतार धरून राहिलेलं जनावर दिसलं. शिकारी जिथे उतरायला कंटाळतात तीच जागा.

माझ्या मते ‘किती लांब’ हा प्रश्नच बाजूला ठेवावा आणि नकाशावर आळस शोधावा. गाडी लावायची जागा कुठे, तिथून सोपी वाट कोणती, त्या वाटेने गेलेला माणूस कुठे दमून बसेल. उंचीच्या रेषा वाचता येत असतील तर दोन वाटांच्या मधे सुटलेली घळ किंवा सोंड लगेच डोळ्यात भरते. गर्दीचाही उपयोग होतो. पहिल्या दिवशी सकाळी सात-आठला उशिरा येणारी मंडळी नकळत हाकाच घालत असतात. त्यांच्या आवाजाने आणि वासाने उठलेली हरणं ज्या खिंडीतून पलीकडे उतरतील, तिथे तुम्ही अंधारातच येऊन बसलेले असायला हवं.

वाऱ्याचं मात्र विसरू नका. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन पडलं की वर चढायला लागते, संध्याकाळी पुन्हा खाली. सकाळी अचूक असलेली जागा दहा वाजता तुमचा वास थेट हरणाच्या नाकाला पोचवते.

बार काढल्यावर हिशेब करणं

लांब जाण्याची खरी किंमत इथे चुकती करावी लागते. ६८ किलोंचं हरीण पोट साफ केल्यावर साधारण ५२ ते ५५ किलो भरतं. घरी येणारं हाडाविरहित मांस २२ ते २५ किलोंच्या आसपास. म्हणजे पोटं भरणार २५ किलोंनी, पण ओढायचे ५५.

त्यातून स्प्राऊलसारख्या पठारी मुलखाची रचना उलटी आहे. रस्ते वर माथ्यावरून जातात आणि दऱ्या खाली. घाटमाथ्यावर गाडी लावून कोकणात उतरावं, तसं जाताना सगळं सोपं आणि येताना सगळा चढ. शिकारी खाली का उतरत नाहीत याचं उत्तर याच चढात आहे. वर बसून गोळी मारली तरी सुटका नाही, कारण फुप्फुसात गोळी लागलेलं हरीणही शंभर यार्ड धावू शकतं, आणि जखमी जनावर बऱ्याचदा उताराच्याच बाजूला जातं. म्हणून जागा निवडताना तिथून खाली पडलेलं हरीण कसं आणणार, हे आधी ठरवा. शक्य असेल तर दरीच्या तळाशी जाणारा रस्ता शोधा आणि तिथून वर चढून बसा. ओझं उताराने येईल.

गोळी लागल्यावर लगेच मागे धावू नका. अर्धा तास थांबा, मग रक्ताचा माग धरा. जनावर सापडलं की जागेवरून हलवण्याआधी टॅग (परवान्याबरोबर मिळणारी चिठ्ठी) भरून कानाला बांधायचा, हा कायदा आहे. मग पोट साफ करा. डिसेंबरच्या गारठ्यात मांसाला वेळ मिळतो. ऑक्टोबरमधल्या आर्चरीच्या उबदार दुपारी मिळत नाही, आणि रस्त्यापासून दूर असाल तर ते खराब व्हायला लागतं. ऑक्टोबरात जवळ, डिसेंबरात लांब, असं साधं धोरण ठेवलं तरी पुष्कळ झालं.

ओढताना पुढचे पाय डोक्याशी बांधून डोक्याच्या बाजूने ओढा. केसांच्या दिशेने जनावर घसरत येतं, उलटं ओढलं तर अडतं. बर्फ असेल तर प्लॅस्टिकची स्लेड, जुना सपाट लाकूडतोडीचा रस्ता असेल तर दोन चाकांची गाडी. एकट्याने, चढाला, झुडपांतून अर्धा मैल म्हणजे तासाभराहून जास्त मेहनत. वर्षभर खुर्चीत बसलेल्या पन्नाशीच्या माणसाचं हृदय असल्या कामात दगा देऊ शकतं. मित्राला फोन करून बोलावण्यात कसलाही कमीपणा नाही. फक्त दरीत रेंज नसते, हे आधीच ठाऊक असू द्या. कोणत्या बाजूला, कुठवर जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवा.

जागेवरच तुकडे करून पाठीवरून आणायचे असतील तर आधी नियम बघा. पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग सापडला. त्यासाठी आखलेल्या नियंत्रण क्षेत्रांतून हरणाचं डोकं, पाठीचा कणा असे भाग बाहेर नेता येत नाहीत. आणि शिकारीची नोंद दहा दिवसांत करायची असते.

सगळे कपडे घालून चढणं

यात फार सांगण्यासारखं नाही. जाड जाकीट अंगात घालून चढलात तर घामाने भिजाल, मग तासभर निश्चल बसल्यावर हुडहुडी भरेल आणि नऊ वाजता गाडीकडे परताल. जाकीट पाठीवर बांधा, पोचल्यावर घाला. केशरी कपडा मात्र अंगावरच हवा: रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच, सगळ्या बाजूंनी दिसेल असा. शिकार न करणाऱ्यांनाही स्टेट गेम लँड्सवर, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याच्या जमिनींवर, १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात हाच नियम आहे. पानगळ बघायला फिरणाऱ्यांनी हे वाचलं असेल तर बरं.

होकायंत्र सरळ धरणं

महाराष्ट्रात एनसीसीत किंवा सह्याद्रीत होकायंत्र शिकलेल्यांना चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांतला फरक कधी जाणवत नाही, कारण आपल्याकडे तो जवळपास शून्य आहे. मध्य पेनसिल्व्हेनियात तो सुमारे ११ अंश पश्चिम आहे. एक मैल चाललात की तीनशे मीटर बाजूला. दिवसा हे खपतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेपाचला मावळतो, शिकारीची वेळ त्यानंतर अर्ध्या तासाने संपते, आणि परतीची वाट पूर्ण अंधारात असते. हेडलॅम्प आणि त्याच्या जादा बॅटऱ्या घ्या. फोन थंडीत भराभर उतरतो. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा.

रस्त्याच्या आणि हद्दीच्या चुका

फार आत जायचं नसेल तरी रस्त्यावरून गोळी झाडायची नाही. वाहत्या रस्त्यापासून किमान २५ यार्ड दूर असावं लागतं, आणि गाडीत भरलेली रायफल ठेवणं बेकायदा आहे. वस्ती असलेल्या घरापासून रायफलसाठी १५० यार्ड आणि धनुष्यासाठी ५० यार्ड अंतर सोडायचं, मालकाची परवानगी असल्याशिवाय.

आत जाणाऱ्यांची अडचण वेगळी. सरकारी जंगलाच्या पोटात खासगी तुकडे असतात. गेम लँड्सची हद्द झाडांवरच्या पांढऱ्या रंगाने दाखवलेली असते. जांभळा पट्टा दिसला तर थांबा. २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात त्याचा कायदेशीर अर्थ ‘प्रवेश बंद’ असा आहे, पाटी असो वा नसो. तुम्ही नियमाने मारलेलं हरीण धावत पलीकडे जाऊन पडलं, तरी ते आणायला मालकाची परवानगी लागते आणि तो नाही म्हणू शकतो. म्हणून बसायच्या जागेपासून खासगी हद्द उताराच्या बाजूला शंभर-दीडशे यार्डांवर असेल, तर हरणांच्या खुणा कितीही ताज्या असोत, ती जागा सोडा किंवा शेजारच्या मालकाला हंगामाआधीच भेटून ठेवा.