दसऱ्याला झेंडू हवाय? मग तारीख उलटी मोजा

कळ्यांनी लगडलेली शेवंती नर्सरीतून आणली की पंधरा दिवस गॅलरी झकास दिसते. मग फुलं सुकतात, कुंडीत काटक्या उरतात आणि "आमच्याकडे फुलझाडं टिकतच नाहीत" असं ठरून जातं. बहुतेक वेळा झाडाची काही तक्रार नसते, आपलंच वेळापत्रक चुकलेलं असतं. दिवाळीतल्या शेवंतीची तयारी फेब्रुवारीत सुरू होते आणि उन्हाळ्यातल्या मोगऱ्याची डिसेंबरात. म्हणून फूल कधी हवं ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं.

झेंडूवर ही मोजणी सर्वात सोपी. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२४ मध्ये १२ ला, २०२५ मध्ये थेट २ ऑक्टोबरला आला आणि २०२६ मध्ये २० ला आहे. तीन आठवडे इकडेतिकडे! त्यामुळे "झेंडू जुलैत पेरायचा" एवढं लक्षात ठेवून भागत नाही. बाजारातल्या बहुतेक संकरित झेंडूचं गणित असं: पेरणीपासून रोप लावण्याजोगं व्हायला २५ दिवस, लावणीनंतर शेंडा खुडून भरगच्च बहर यायला ५५ ते ६० दिवस. म्हणजे एकूण ८० ते ८५. वीस ऑक्टोबरचा दसरा धरला तर जुलैचा शेवटचा आठवडा ते १ ऑगस्ट हे पेरणीचे दिवस. पाकीट घेताना जात मात्र बघा. 'पुसा नारंगी'सारखी जात फुलायला चार महिन्यांहून जास्त घेते. ती ऑगस्टात पेरली तर तोरण विकतच आणावं लागेल.

पेरणी ऐन पावसात येते आणि रोपं मरतात ती इथेच. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरा, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका आणि ट्रे पागोळीखाली न ठेवता पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या आडोशाला, पण उजेडात ठेवा. रोप जमिनीलगत काळं पडून आडवं झालं तर ती 'मर' (रोपांचा रोग). पाणी जास्त आणि वारा कमी, हे तिचं कारण. आडवी झालेली रोपं आजूबाजूच्या मिश्रणासकट काढून टाका आणि वरचा थर सुकेपर्यंत पाणी बंद ठेवा. रोपाला चार-पाच पानं आली की १० इंची कुंडीत एकच रोप लावा. दोन लावायचा मोह होतो, पण मग दोन्ही उंच आणि लेचीपेची होतात. लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, सहा-आठ पानांवर, वरचा शेंडा नखाने खुडा. एका दांड्याचे पाच-सहा होतात. खुडल्यामुळे पहिलं फूल आठ-दहा दिवस लांबतं. वरच्या हिशेबात ते दिवस धरलेले आहेत.

मोठ्या गोंड्याचं फूल पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि देठाशी मोडतं, म्हणून कळ्या दिसायला लागताच बांबूची काडी रोवून सैल बांधा.

मोगऱ्याकडे मात्र जरा निर्दय होऊन बघावं लागतं. "पानं भरपूर, फूल एकही नाही" ही मोगऱ्याबद्दलची नेहमीची तक्रार. त्यामागे तीन कारणं असतात: ऊन पाच तासांपेक्षा कमी, युरियाचा मारा, किंवा हिवाळ्यात न दिलेली विश्रांती. पहिल्या दोन गोष्टी लगेच दुरुस्त होतात. तिसरीसाठी डिसेंबरपासून पाणी तोडा. कुंडीतल्या झाडाला आठ-दहा दिवसांतून एकदा, तेही जेमतेम, एवढंच पाणी द्या. पानं पिवळी पडून गळायला लागतील. तीच हवी असलेली खूण आहे, तेव्हा दया येऊन तांब्याभर ओतू नका.

जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटणी. वाळलेल्या आणि काडेपेटीच्या काडीपेक्षा बारीक फांद्या बुडातून काढा, बाकीच्या निम्म्यावर आणा आणि उरलीसुरली पानं हाताने ओरबाडून टाका. वरची दोन इंच माती उकरून मुळांच्या वरच्या भागाला तीन-चार दिवस हवा लागू द्या. मग १२ इंची कुंडीला दोन ओंजळी चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळा आणि तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत भिजवा. दोन-तीन आठवड्यांत लालसर कोंब फुटतात. कळी येते ती याच नव्या कोंबाच्या टोकाला, जुन्या लाकडावर नाही. छाटणीचं सगळं रहस्य एवढंच. पाडव्याच्या सुमारास पहिला बहर धरता येतो. फुलं संपलेल्या फांदीचं टोक दोन पानजोड्यांसकट कापत राहिलात तर मेअखेरपर्यंत आणखी दोन-तीन बहर मिळतात.

कळी जांभळट होऊन वाळली, तिला बारीक भोक दिसलं, किंवा दोन-चार कळ्या धाग्याने एकमेकींत गुंफलेल्या सापडल्या, तर आत अळी आहे. अशा कळ्या तोडून कुंडीत टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. गजऱ्यासाठी कळी संध्याकाळी, पूर्ण टपोरी आणि पांढरी झाल्यावर, उमलण्याआधी तोडायची. हिरवट कळी तोडली तर ती रात्री उमलतच नाही.

पावसाळ्यातली फुलं फारसं काही मागत नाहीत. तेरड्याचं बी जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकलं की गौरींपर्यंत फुलं तयार. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की ते तडकून बी चार हात लांब उडतं, त्यामुळे पुढच्या वर्षी पेरावंही लागत नाही, उलट उपटावं लागतं. निशिगंधाचे कंद सुपारीएवढे किंवा जरा मोठे निवडा (हरभऱ्याएवढ्या कंदाला त्या वर्षी पानंच येतात) आणि एप्रिल-मेमध्ये दोन इंच खोल लावा. तीन-साडेतीन महिन्यांनी दांडा येतो. गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये. बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या (फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर तिरका काप घेतला की ४५ ते ५० दिवसांनी फुलं येतात.

शेवंतीसाठी धीर लागतो. जानेवारीत फुलं संपली की झाड फेकू नका. दांडे चार-पाच बोटं ठेवून कापा. महिन्याभरात बुडाशी छोटे फुटवे येतात, त्यांना काश्या म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या मुळांसकट सुट्या करून लहान कुंड्यांत लावा आणि उन्हाळाभर दुपारच्या उन्हापासून जपा. विदर्भ-मराठवाड्यात हिरवी जाळी लागतेच, कोकणात उन्हापेक्षा पुढच्या पावसाची चिंता जास्त. पावसाच्या सुरुवातीला प्रत्येक काशी १० इंची कुंडीत हलवा: दोन भाग पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), एक भाग शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट. नुसती काळी माती नको, ती पाणी धरते आणि मुळं कुजतात.

लावणीनंतर चार आठवड्यांनी पहिला शेंडा खुडा, ऑगस्टच्या मध्याला फुटव्यांचे शेंडे पुन्हा एकदा. सप्टेंबर लागला की हात आवरा. त्यानंतर खुडलेल्या शेंड्यात येऊ घातलेली कळीच जाते.

एवढं सगळं करूनही कळी न धरलेली शेवंती दिसते तेव्हा वर बघा: गॅलरीतला दिवा किंवा समोरचा रस्त्यावरचा खांब. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधारी रात्र लागते. झाडावर रात्री उजेड पडत राहिला तर ते पानंच वाढवत बसतं. पॉलिहाऊसवाले बहर लांबवायला मुद्दाम रात्री दिवे लावतात, तेच आपण नकळत करत असतो. सप्टेंबरपासून कळ्या वाटाण्याएवढ्या होईपर्यंत कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवा.

कळ्यांच्या काळात मावा हमखास येतो. शेंड्याला काळे-हिरवे ठिपके चिकटलेले दिसतात आणि पान चिकट लागतं. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. तरी राहिला तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली द्रव साबण घोळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालूनही फवारा आणि आठवड्याने पुन्हा. फुलं उमलल्यावर मात्र फवारणी नको, पाकळ्यांवर डाग पडतात.

आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू. वाळलेली फुलं चुरून कुंडीत टाकली तर बऱ्याचदा उगवतात, पण संकरित झाडाचं बी आईसारखं निघेलच असं नाही. बरीच रोपं पाकळ्यांच्या दोन-तीनच ओळींची, विरळ फुलं देतात. फुलपाखरांना ती चालतात. तोरणासाठी नवं पाकीटच आणा.