रेंकला शिकवायला जाताय? आधी मुलांचे आकडे वाचायला शिका

दक्षिण सुदानमध्ये शाळेच्या कामाला निघालेले लोक मला अधूनमधून विचारतात, काय तयारी करू? व्हिसा, यलो फीव्हरची लस, विमा हे तुम्ही पाहिलंच असेल. मला बोलायचंय ते एका चुकीबद्दल. ती मी केली, आणि तिच्यामुळे एक मुलगा आमच्या शाळेतून निघून गेला.

१५ एप्रिल २०२३ ला सुदानमध्ये युद्ध पेटलं. खार्टुममध्ये वर्षानुवर्षं राहिलेली दक्षिण सुदानी कुटुंबं जोडाच्या सीमेवरून दक्षिण सुदानमधल्या रेंक गावी यायला लागली. म्हणायचं मायदेशी परतली, पण त्यातल्या कितीतरी मुलांनी हा मायदेश कधी पाहिलाच नव्हता. तो देश ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला, डिसेंबर २०१३ मध्ये तिथेही यादवी सुरू झाली आणि २०१८ मध्ये शांतता करार झाला. एका युद्धातून पळालेली पोरं दुसऱ्या युद्धाने मोडलेल्या गावात येऊन उतरत होती.

माझा सहकारी असाच परतलेला. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत वाढला, तिथेच शिकला आणि आपल्या मुलांना शिकवायचं म्हणून आला. त्याला डिंका ही तिथली भाषा येते, इंग्रजी उत्तम येते, अरबी येत नाही. मलाही येत नव्हती. देशाची अधिकृत भाषा इंग्रजी, म्हणून कोणत्या मुलाला कुठे बसवायचं हे ठरवायला आम्ही इंग्रजीतली एक तयार चाचणी घेतली. वेळ वाचेल, एवढाच विचार.

एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. शब्दांत मांडलेली सगळी गणितं त्याने कोरी सोडली. ३८ अधिक २७ च्या पुढे त्याने जे लिहिलं ते मला सत्तर दिसलं. चूक. सात गुणिले पंधराच्या पुढे एक, मग टिंब, मग शून्य. मला वाटलं, याला दशांश चिन्हाचाही पत्ता नाही. लाल पेनाने फुल्या मारल्या आणि त्याला सहा-सात वर्षांच्या मुलांत पहिल्या पातळीवर बसवलं. तो दोन दिवस आला. गुडघे छातीशी घेऊन भिंतीला टेकून बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी आला नाही.

त्याच आठवड्यात एक वयस्क बाई नातीचं नाव घालायला आल्या. खार्टुममध्ये शिक्षिका होत्या, सगळे त्यांना उस्ताजा म्हणत. टेबलावरचा तो कागद त्यांनी उचलला, नीट पाहिला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, "बरोबर उत्तरांना फुल्या कशाला?"

अरबीत पाचाचा आकडा शून्यासारखा गोल असतो. सहाचा आकडा इंग्रजी सातासारखा दिसतो. आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. मुलाने लिहिलं होतं पासष्ट आणि एकशे पाच. इंग्रजी आकडे त्याला वाचता येत होते, पण हाताची सवय अरबीची होती. आम्ही त्याचं गणित तपासलंच नव्हतं, फक्त त्याला इंग्रजी येत नाही एवढं शोधून काढलं होतं.

आम्ही दोघे निर्वासित केंद्रावर धावलो. त्याचं कुटुंब आदल्या दिवशीच नदीच्या बार्जने मलाकाल शहराकडे गेलं होतं. दक्षिण सुदानमध्ये प्राथमिकची आठ वर्षं चार वर्षांत पुरी करण्याचा वेगवान अभ्यासक्रम आहे. या मुलाला त्यात वरच्या पातळीवर बसवता आलं असतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

म्हणून सांगते, तयार चाचणी वापरू नका. कुणी कितीही नावाजलेली दिली तरी नको. आधी विचारा, बाळा, तू कोणत्या भाषेत शिकलास? मनात आकडे कोणत्या भाषेत मोजतोस? त्याच भाषेत गणित घाला आणि तपासायला ती भाषा जाणणारा माणूस बसवा. इंग्रजी वेगळी तपासा. आणि पहिल्या पंधरा दिवसांत कुणालाच कायमचं एका पातळीवर टाकू नका.

मार्गदर्शक कुठे शोधायचे, तर राजधानी जुबातल्या बैठकांत शोधू नका. तिथून आलेल्या सूचनांनी मला जे शिकवलं नाही ते उस्ताजांनी एका वाक्यात शिकवलं. तीन आठवड्यांसाठी येणार असाल तर, स्पष्टच बोलते, येऊ नका. मुलं तुमचं नाव शिकेपर्यंत तुम्ही निघालेले असता. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते बंद पडतात, म्हणून वह्या आणि खडू एप्रिलच्या आत पोचवा. स्थानिक शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकतात. त्यांच्यासमोर आपल्या भत्त्याची चर्चा करू नका. आणि कुठल्याही मुलाला युद्धात काय पाहिलंस असं विचारू नका. त्याला सांगायचं असेल तेव्हा ते सांगेल, तेव्हा शेजारी बसा.

हे वाचून घाबरू नका. भाषा येत नाही हा गुन्हा नाही. मलाही येत नव्हती, तरी पुढच्या वर्षी आमच्या वर्गात तशी चूक झाली नाही. विचारायला लाजला नाहीत की पुष्कळ निभतं.

आपल्याच देशात परत जाणाऱ्यांसाठी मात्र एक वेगळी गोष्ट. माझ्या सहकाऱ्याला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त लागलं. "माझ्याच देशातल्या मुलाशी बोलायला मला दुभाषी लागला," एवढंच तो म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही. तुम्ही परत जाल तेव्हा तुमचा देश वीस वर्षं पुढे गेलेला असेल आणि मुलं तिसऱ्याच देशातून आलेली असतील. सुरुवातीला तुम्हीही तिथे नवखेच असता. त्याचं वाईट वाटेल, वाटू द्या, पण काम सोडू नका.

त्याने सोडलं नाही. सकाळी वर्ग उघडला की तो फळ्यावर दोन रांगा काढायचा, वर इंग्रजी आकडे, खाली अरबी. खालची रांग मुलं त्याला मोठ्याने वाचून दाखवायची, तो त्यांच्यामागून म्हणायचा, आणि चुकला की सगळा वर्ग त्याला दुरुस्त करायचा.