परदेशात शिंप्याकडून कपडे शिवून घेण्यापूर्वीची तयारी

परदेशातील मुक्कामात शिंप्याकडून कपडे शिवून घ्यायचे असतील, तर तयारीची सुरुवात कापडापासून किंवा पैशांपासून न करता हाताशी असलेल्या दिवसांच्या हिशेबापासून करावी. व्हिएतनाममधील होई आन, थायलंडमधील बँकॉक आणि हाँगकाँगमधील चिम शा चुई ही ठिकाणे झटपट शिलाईसाठी प्रसिद्ध आहेत आणि तेथे एका दिवसात सूट तयार करून देणारी दुकाने खरोखरच आहेत. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध रस्त्यावर मात्र संपूर्णपणे मापाने शिवलेल्या सूटसाठी ५० तासांहून अधिक हातकाम आणि कित्येक आठवडे लागतात. या दोन टोकांमध्ये कारागिरीचा फरक असतोच, पण प्रवाशाच्या हातात असलेला फरक ट्रायलचा आहे. कपडा अंगावर चढवून, खुणा करून, उसवून पुन्हा शिवण्याच्या जितक्या फेऱ्या होतील, तितका तो अंगाला बसत जातो.

म्हणून परतीच्या तारखेपासून मागे मोजत यावे. शेवटचा पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, त्याआधी अखेरची ट्रायल, तिच्या आधी निदान एक कच्ची (अर्धवट जोडलेल्या कपड्याची) ट्रायल आणि सर्वांत आधी माप, असा क्रम धरला तर शर्टासाठी तीन आणि सूटसाठी पाच दिवस हाताशी असावेत, असे माझे मत आहे. एकाच शहरात इतके दिवस राहायचे नसेल, तर येताना माप देऊन परतताना कपडा घेता येईल असा प्रवासाचा मार्ग आखावा. शहरात पोहोचल्याच्या पहिल्याच दिवशी दुकान गाठावे. प्रवासाच्या तारखा ठरवताना तेथील सणही पाहून घ्यावेत: एप्रिलच्या मध्यावर थायलंडमध्ये सोंग्क्रान हा नववर्षाचा सण असतो आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येणाऱ्या चांद्र नववर्षात व्हिएतनाम आणि हाँगकाँगमधील अनेक दुकाने बंद असतात, शिवाय सणाआधी शिंप्यांकडे कामाची गर्दी उसळलेली असते.

सामान भरताना अंगाला उत्तम बसणारा एक जुना कपडा अवश्य घ्यावा, कारण भाषा अपुरी पडते तेथे तो कपडाच शिंप्याला सर्व काही सांगतो. हव्या त्या नमुन्याची छायाचित्रे समोरून, पाठीमागून आणि बाजूने अशी तिन्ही असावीत. मासिकातील एकाच कोनातून घेतलेल्या चित्रावरून पाठीची शिवण कशी हवी हे कोणालाच कळत नाही. ज्या बुटांवर पँट घालायची तेच बूट, कोटाखाली घालायचा शर्ट आणि ब्लाउज किंवा झग्यासाठी नेहमीची अंतर्वस्त्रे बरोबर असावीत. टाचेच्या उंचीत थोडा फरक पडला तरी घेराचा काठ वर-खाली होतो.

दुकान निवडताना रिक्षावाल्याने किंवा रस्त्यात भेटलेल्या गोड बोलणाऱ्या माणसाने नेलेले दुकान टाळावे, कारण त्याची दलाली शेवटी शिलाईच्या दरातच मिळवलेली असते. दुकानात गेल्यावर शोकेसमधल्या कपड्यांवर न भुलता दुसऱ्या गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला कपडा दाखवण्याची विनंती करावी आणि तो उलटा करून आतली शिवण पाहावी. टीप सरळ आहे का, कडा नीट बंद केल्या आहेत का, काजांचे धागे सुटलेले नाहीत ना, आणि चौकटीच्या कापडात रेषा जोडावर जुळतात का, एवढे पाहिले तरी कारागिराची ओळख पटते. माप घेणारा आणि शिवणारा अनेकदा वेगळे असतात. पुष्कळ दुकानांत कापड रात्री दुसरीकडच्या कारखान्यात जाते, त्यामुळे तोंडी सांगितलेली सूचना वाटेतच हरवू शकते.

कापडाबाबत सर्वाधिक सावध राहावे, कारण फसवणूक शिलाईपेक्षा येथे अधिक होते. शुद्ध लोकर म्हणून दाखवलेल्या कापडाचा एखादा धागा मागून घेऊन दुकानदाराच्या संमतीने जाळून पाहावा. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ती सहसा विझतात आणि मागे चुरगळणारी राख राहते. सुती धागा कागदासारखा जळतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र धाग्यात या खुणा एकमेकींत मिसळतात, म्हणून या परीक्षेवर पूर्ण विसंबू नये, पण निखळ खोटेपणा तिने उघडा पडतो. लोकरीच्या कापडावर ‘सुपर’ शब्दापुढे येणारा आकडा लोकरीच्या तंतूच्या तलमपणाचा असतो. सुपर १०० साठी तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर सुपर १५० साठी १६.२५ मायक्रॉनपर्यंत असावी लागते. मोठा आकडा म्हणजे अधिक टिकाऊ कापड असे मुळीच नाही; रोज वापरायच्या सूटसाठी १०० ते १२० पुरेसे आहे, कारण त्याहून तलम कापड लवकर चुरगळते आणि झिजते. सुती कापड असेल, तर कापण्याआधी ते पाण्यातून काढले जाईल का हे विचारावे, नाहीतर पहिल्या धुण्यातच शर्ट आखडतो. कापड आपणच देणार असू, तर १५० सेंटिमीटर पन्ह्यात सूटला सुमारे साडेतीन मीटर आणि पूर्ण बाहीच्या शर्टला दीड ते दोन मीटर धरावे. मोठ्या चौकटींना रेषा जुळवण्यासाठी आणखी लागते.

माप देताना पोट आत ओढू नये, छाती फुगवू नये. नेहमी जसे उभे राहतो तसेच उभे राहावे आणि खिशातील सामान काढून ठेवावे. एक खांदा उतरता असेल तर तो स्वतःहून सांगावा. त्यानंतर पावतीवर कापडाचा तुकडा टाचून घ्यावा आणि बटणांची संख्या, खिसे, कॉलरचा प्रकार, अस्तराचा रंग, ट्रायलच्या तारखा व एकूण रक्कम लिहून घ्यावी. कोटाच्या आत कॅनव्हास (आकार टिकवणारे कडक कापड) शिवणार की चिकटवलेला थर देणार, हेही त्यात यावे, कारण चिकटवलेला थर निकृष्ट असेल तर काही धुलाईनंतर फोड आल्यासारखा सुटतो. अर्ध्याहून अधिक रक्कम आगाऊ देऊ नये. अनेक कपडे हवे असले तरी आधी एकच पूर्ण करून घ्यावा आणि तो बसल्यावरच उरलेले सांगावे.

ट्रायलच्या वेळी आरशासमोर केवळ उभे राहून समाधान मानू नये. खुर्चीत बसावे, हात पुढे आणि वर न्यावेत, चार पावले चालावे, पाठीचे छायाचित्र काढून घ्यावे. बटण लावल्यावर त्याभोवती फुलीसारख्या चुण्या पडल्या तर कोट घट्ट आहे; कॉलर मानेपासून सुटून राहिली तर पाठीचा तोल चुकला आहे; हात सैल सोडल्यावर बाहीच्या मागच्या बाजूला झोळ आला तर बाही मुंढ्यात थोडी फिरवून लावावी लागेल. पँटची उंची आणि कंबर नंतर कोठेही दुरुस्त होते, पण खांदा बिघडला तर पुढे कोणताही शिंपी तो सहजासहजी सुधारू शकत नाही, म्हणून पहिल्या ट्रायलचा सर्वाधिक वेळ खांद्यालाच द्यावा. न आवडलेली गोष्ट तेथल्या तेथे, नम्रपणे पण स्पष्ट बोलावी. भिडेखातर गप्प राहून नेलेला कपडा कपाटातच पडून राहतो. बाजूच्या शिवणीत, पाठीत आणि पँटच्या पायाला माया (शिवणीच्या आत दुमडलेले जादा कापड) सोडण्यास सांगावे, म्हणजे वजन बदलले तरी कपडा सैल करता येईल.

उरलेली रक्कम शेवटच्या ट्रायलनंतर, कपडा उजेडात उलटसुलट तपासूनच द्यावी. उरलेले कापड, जादा बटणे आणि मापाच्या कागदाची प्रत मागून घ्यावी. दुकान टपालाने काम पाठवत असेल, तर पुढच्या वेळी त्याच मापावर नवा कपडा मागवता येतो. मूळ पावती हातातल्या बॅगेत ठेवावी, कारण सीमाशुल्क अधिकाऱ्याने किंमत विचारली तर तीच दाखवावी लागते.